डिसेंबरातला उन्हाळा

रजनीबाई पहिल्या दिवशी कारखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत सोनाराकडे असतो तसला लहानसा वजनकाटा होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला, खालची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि मला नमस्कार केला. नमस्कार मनापासूनचा होता. तरी ती बाई मला त्याच क्षणी आवडली नाही, आणि निवृत्त होईपर्यंत मी तिचा हेवा केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना मला कोणी सज्जन समजायला नको.

वर्ध्याच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी जन्मभर एकच काम केलं. नव्या साच्यांची ट्रायल. लोकांना वाटतं, प्लॅस्टिकची वस्तू म्हणजे बटण दाबलं की पडली. बादलीचं झाकण असो, साबणाची डबी असो की ठिबकच्या नळीचा जोड, प्रत्येक वस्तू पोलादाच्या दोन जाड ठोकळ्यांच्या मधल्या पोकळीत तयार होते. त्या ठोकळ्यांच्या जोडीला पुस्तकात साचा म्हणतात, आम्ही डाय म्हणतो. प्लॅस्टिकचा दाणा मशीनच्या नळकांड्यात वितळतो, आतला स्क्रू त्याला जोराने डायमध्ये ढकलतो, डायच्या पोटातून फिरणारं पाणी त्याला थंड करतं, डाय उघडते आणि नग खाली पडतो. सांगायला इडलीपेक्षा सोपं. पण नवी डाय पहिल्या दिवशी काय करील याचा नेम नसतो. कधी नग अर्धाच भरतो, कधी कडेने पापुद्रा निघतो, कधी पाठीवर खळी पडते, आणि कधी नग आत असा चिकटून बसतो की पितळेची सळई घेऊन अर्धा दिवस त्याची मनधरणी करावी लागते. उष्णता, दाब, वेळ आणि पाणी या चार गोष्टी कमीजास्त करत डायला माणसात आणायचं, आणि मग 'आता हिच्यावर लाख नग काढा' असं सही करून सांगायचं, हे माझं काम.

मागच्या शेडमध्ये रबराचे प्रेस होते. तिथला हिशेब उलटा. प्लॅस्टिक तापवून आत घालायचं आणि थंड करून घडवायचं. रबर मात्र आत घालून तापवायचं, तेव्हा ते पक्कं होतं. कमी शिजलं तर बोटाला चिकटतं, जास्त शिजलं तर वाकवल्यावर तडकतं. रबराचा वास अंगात असा मुरतो की मी फाटकातून आत आलो की बायको स्वयंपाकघरातूनच सांगायची, "आज मांगच्या शेडात होते वाटते तुमी."

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. पुलगावचे एक व्यापारी साबणाच्या डबीची नवी डाय घेऊन आले. डायला हार घातलेला, कपाळाला कुंकू लावावं तसं दोन्ही ठोकळ्यांना कुंकू. म्हणाले, पहिला नग केळझरच्या गणपतीला नेऊन ठेवणार. मी म्हटलं, चांगलं आहे. मी पाणी जोडायला मागे वळलो तेवढ्यात यांनी नारळ काढला आणि उघड्या डायवरच फोडला. आरशासारखं घासलेलं पोलाद, त्यावर नारळाचं पाणी! मी धावलो, फडक्याने पुसलं, तेल मारलं, पण बारीक खाचांत ते शिरलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाय उघडली तर आत तांबेऱ्याचे ठिपके, आणि निघणाऱ्या प्रत्येक डबीच्या झाकणावर देवी आल्यासारखे पुरळ. व्यापाऱ्यांचा चेहरा पाहवेना. डाय पुन्हा घासून आणण्यात तीन आठवडे गेले. तेव्हापासून आमच्याकडे नारळ गेटवर फोडायचा नियम झाला. तो नियम माझा. असे माझे बरेच नियम होते, आणि मला त्यांचा फार गर्व होता.

ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. प्रत्येक डायचे पास झालेले नमुने त्यात पिशव्यांत बांधून ठेवलेले, आणि प्रत्येक नगावर काळ्या मार्करने माझी सही. सबंध कपाटात दुसऱ्या कोणाची सही नव्हती. मी काटा वापरत नसे. स्क्रू फिरताना कसा कण्हतो ते ऐकायचो, दाणा जळतोय का याचा वास घ्यायचो, पडलेला गरम नग उचलून गालाला लावायचो. हे कोणी शिकवलं नाही. हात पोळून घेत मी स्वतः शिकलो. चहावाला शेडमध्ये शिरला की पहिला कप माझ्या टेबलावर ठेवायचा आणि मगच बाकीच्यांकडे वळायचा. ही गोष्ट क्षुल्लक आहे, पण ज्याचा पहिला कप गेला त्याला विचारा.

रजनीबाई मूळच्या कऱ्हाडकडच्या. पुण्याजवळ मोठ्या कारखान्यात दहा वर्षं काढलेल्या. नवऱ्याला सावंगीच्या दवाखान्यात एक्स-रेची नोकरी लागली म्हणून इकडे आल्या. आमच्या शेठनी, म्हणजे मालकांनी, त्यांची ओळख करून देताना माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "वानखडे, ट्रायलचं आता सगळं कागदावर आलं पायजे. तुमच्या डोक्यात हाय ते. उद्या तुमी आलेच नाई, त मी काय तुमचं डोकं मांगून आनू?"

सगळे हसले. मीही हसलो आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या आठवड्यात ठिबकच्या जोडाची एक डाय मला चार दिवस छळत होती. रजनीबाईंनी विचारलं, "भाऊ, मी एक करून बघू का?" नाही कसं म्हणणार? त्यांनी मशीनशेजारी काटा मांडला. डाय भरल्यावर मशीन थोडा वेळ दाब धरून ठेवतं. ती वेळ त्या अर्ध्या अर्ध्या सेकंदाने वाढवत गेल्या आणि प्रत्येक नग तोलत गेल्या. वजन वाढत गेलं, वाढत गेलं आणि एका जागी थांबलं. "इथे डायचं तोंड गोठलं, भाऊ, प्लॅस्टिक शिरतं ते. यापुढे कितीही दाब धरला तरी आत काही जात नाही." तासाभरात डाय सुतासारखी सरळ. शेडमधले ऑपरेटर काट्याभोवती गोळा झाले होते. मी इतकी वर्षं प्रत्येक डायला तीन-तीन सेकंद जास्तीचा दाब धरत होतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि सगळ्यांसमोर कळलं. 'वा' एवढं एक अक्षर तोंडातून काढायचं होतं. ते निघालं नाही. मी म्हणालो, "पुन्यात असंच करतात काय?"

दुसऱ्या दिवशी चहाचा पहिला कप काट्याशेजारी गेला.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे एक गोष्ट अशी होती, जी कोणत्याही काट्यावर येत नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी जेवणाच्या डब्यांची झाकणं जानेवारीत पास केली होती. सुंदर झाकणं. मे महिन्यात तीच डाय, तेच मशीन, आणि झाकणं पुरीसारखी फुगून वर आली. तेव्हाच्या मोठ्या शेठनी एक झाकण माझ्या हातात देऊन विचारलं होतं, "वानखडे, हे झाकन हाय का वाटी?" कारण शोधायला मला पंधरा दिवस लागले. आमचं थंड करायचं पाणी शेडवरच्या टाकीतून यायचं. हिवाळ्यात ते गार. मे महिन्यात विहीर खाली जाते, टाकीत अर्धंच पाणी, तेच फिरून फिरून येतं आणि वर वर्ध्याचं ऊन. दुपारी त्यात हात धरवत नाही. नग आतून पुरता थंड न होताच बाहेर पडतो आणि बाहेर पडल्यावर वाकतो.

तेव्हापासून हिवाळ्यात ट्रायल असली की मी उन्हाळा लावायचो. टाकीचं पाणी बंद करायचं, एका ड्रममधलंच पाणी डायमधून फिरवत ठेवायचं आणि ते मे महिन्याइतकं तापलं की वीस नग काढायचे. ते एक दिवस ठेवून मोजायचे. वाकले तर थंड करायची वेळ वाढवायची. त्यातला एक नग लाल दोरा बांधून कपाटात, गार पाण्यातल्या नगाशेजारी. हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत करायचो, शेड रिकामं असताना. का? चोरी थोडीच होती? पण ती माझी गोष्ट होती. वानखडेंनी पास केलेली डाय उन्हाळ्यात दगा देत नाही, असं शेठ लोकांना सांगायचे, आणि का देत नाही हे फक्त मला माहीत होतं.

त्या डिसेंबरात फवारणीच्या पंपाच्या टोपणाची डाय आली. पाठीवर बांधायचा पंप. त्याच्या टाकीचं हे मोठं टोपण, आत आमच्याच मागच्या शेडमधली रबराची रिंग. टोपण नीट गोल बसलं तर औषध आत, नाहीतर फवारणाऱ्याच्या पाठीवर. शेठनी ही डाय रजनीबाईंकडे दिली. कपाटात पहिल्यांदा दुसऱ्या कोणाची सही जाणार होती.

त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, माझ्या कागदात काही राहायला नको. तुम्ही ट्रायलला काय काय बघता, सगळं सांगा." मी खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगत गेलो. आवाज, वास, पापुद्रा, खळी, चिकटणं. त्यांनी एकूण तेरा गोष्टी लिहून घेतल्या, मान खाली घालून, अगदी विद्यार्थिनीसारख्या. मग कपाटाकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि काही पिशव्यांत तो लाल दोऱ्याचा एक नग असतो, तो कशासाठी?"

मी उत्तर द्यायला क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"तो काई नाई. गिऱ्हाइकाले दाखवाचा नग हाय तो."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मला वाटलं, मे महिन्यात टोपणं वाकतील, तपासणीत पडतील, ढीग लागेल, शेठ त्यांना विचारतील, 'हे टोपण आहे का वाटी?' मग मी पुढे होईन. सगळ्यांदेखत पाण्यात हात घालीन आणि म्हणेन, अहो, हे वर्धा आहे. एवढंच हवं होतं मला. बाईचं वाईट व्हावं असं नव्हतं. बाई एकदा सगळ्यांसमोर चुकावी, माझ्यासारखी, एवढंच. मार्च गेला, एप्रिल आला, रस्त्यावरचं डांबर मऊ झालं. लोक घाम पुसत उन्हाला शिव्या देत होते आणि मी एकटा त्याची वाट बघत होतो. रोज दुपारी टाकीच्या नळाखाली हात धरून बघायचो. रोज तोंड उघडता आलं असतं.

मे आला आणि काहीच झालं नाही. टोपणं तपासणीत पासच होत राहिली. आता कळतं का ते. तपासणीचे नग सकाळी आठला काढायचे, रात्रभर निवलेल्या पाण्यातले. दुपारचा माल त्यांच्या भरवशावर खोक्यांत भरला जाई. तेव्हा मला एवढंच दिसलं की बाई इथेही जिंकली. जळफळाटापायी माझ्यासारख्या माणसालाही, जो नग गालाला लावून सांगायचा, एक दुपारचं टोपण उचलून बघावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बघायची भीती वाटली.

जुलैच्या शेवटी एक गृहस्थ मोटरसायकलवर पंप बांधून गेटवर आले. देवळीकडचे नामदेवराव, कपाशीवाले. पंप पुलगावच्या दुकानातून घेतलेला. त्यांनी शेडच्या दारात शर्ट काढला आणि पाठ फिरवली. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत कातडं लालभडक, मधे सोललेलं. सावंगीला दोन दिवस काढून आले होते.

शेठ घाबरले. "दादा, बसा. पंप बदलून देतो, काय खर्च झाला त्ये सांगा."

"मले पैशे नको," नामदेवराव शर्ट घालत म्हणाले. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "हे टोपन कोनं पास केलं? तो मानूस मले पाह्यचा हाय. बस."

मी नामदेवरावांपासून तीन पावलांवर उभा होतो, हातात फडकं.

"मी," रजनीबाई म्हणाल्या आणि पुढे आल्या. "सही माझी आहे."

नामदेवराव त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना एखादा पोट सुटलेला साहेब अपेक्षित असावा. "बाई, तुमी?" ते म्हणाले. मग पंप उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "मंग एक करजा. पुढच्या खेपेले हे टोपन सोताच्या पाठीवर बांधून पाह्यजा. चार फेऱ्या मारून. बाकी मले काई म्हनाचं नाई."

"बांधीन," बाई म्हणाल्या. "आणि चुकलं माझं, दादा."

ते गेले. त्या वेळी मला काय वाटलं असेल? लाज वाटली, असं लिहिलं तर शोभेल. लाज नंतर आली. त्या क्षणी मला हेवा वाटला. सोललेल्या पाठीसमोर सरळ उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायला जी ताकद लागते, तीही त्या बाईकडेच होती.

शेठनी त्याच दिवशी दुकानदारांना निरोप धाडून टोपणं परत मागवली. रजनीबाईंनी कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर माझ्या टेबलावर लाल दोऱ्याच्या माझ्याच पिशव्या ओळीने सोडलेल्या, प्रत्येकीतले दोन नग शेजारी शेजारी, त्यांची मापं एका कागदावर लिहिलेली. लाल दोऱ्याचा प्रत्येक नग किंचित वेगळा. पिशव्यांवरच्या तारखा सगळ्या हिवाळ्यातल्या. त्या बाईला सांगावं लागलं नाही. मापांवरूनच तिला कळलं.

"गरम पाण्यातले नग आहेत हे. हो ना, भाऊ?"

"हो."

त्यांनी डिसेंबरातली वही उघडली, ते पान काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: लाल दोरा, गिऱ्हाइकाला दाखवायचा नग. पुढे तारीख.

"हे खोडू का?" त्यांनी विचारलं.

"खोडा," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी लावून ती ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि वही मिटली. त्यानंतर त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. शेठसमोर त्या म्हणाल्या, "भाऊंची पद्धत आहे ही. मी विचारायला कमी पडले." मी ऐकत उभा होतो. विचारायला त्या कमी पडल्या नव्हत्या, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं.

त्या वर्षापासून पंपाच्या टोपणाची ट्रायल असली की रजनीबाई पाण्याने भरलेला पंप पाठीवर बांधून कारखान्याच्या अंगणात फेऱ्या मारतात. वाकतात, उठतात, पुन्हा चालतात. ऑपरेटर पहिल्यांदा हसले, मग त्यांनीच आळीपाळीने पंप बांधायला सुरुवात केली. माझी पाळी कधी आली नाही. मी मागून घेतली नाही.

निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात शेठनी एका जुन्या डायबद्दल विचारायला बोलावलं म्हणून गेलो. नव्या डायवर ट्रायल चालू होती. मशीनवर ट्रायलचा कागद लावलेला, आता छापील, चौकटी आखलेला. तेरा ओळी ओळखीच्या. चौदावी अशी होती: 'उन्हाळा लावणे (वानखडे पद्धत).' शेजारी ड्रममधलं पाणी फिरत होतं, वाफा निघत होत्या आणि एक नवी इंजिनीअर मुलगी लाल दोरा घेऊन उभी होती.

"मॅडम, वानखडे कोण?" तिने विचारलं.

"हे काय, समोर उभे आहेत," रजनीबाई म्हणाल्या. "मला हे यांनीच शिकवलं."

मुलीने वाकून नमस्कार केला. मी रजनीबाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, दया नव्हती. काहीतरी असतं तर बरं झालं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता, खोडा. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "याची एक प्रत मिळंल काय?"

ती प्रत घरी कपाटात आहे. बायको म्हणते, "फ्रेम करून लावा ना भितीले, एवढं नाव छापलं त." मी लावत नाही, आणि फाडतही नाही. महिन्यातून एकदा तरी कपाट उघडून चौदावी ओळ वाचतो. मला जन्मभर जे हवं होतं ते मिळालं. ज्या बाईवर मी जळलो तिच्याच हातून मिळालं. आणि अजूनही हेवा वाटतो, कारण माझ्यासाठी खोटं बोलताना ती अडखळली नाही आणि तिच्यासाठी खरं बोलायला मला हा दिवाळी अंक लागला.

तेव्हा नामदेवराव, हे तुमच्या वाचनात आलं तर एवढं ध्यानात घ्या. टोपण पास करणारा जो माणूस तुम्हाला पाहायचा होता, तो त्या दिवशी तुमच्यापासून तीन पावलांवर उभा होता, हातात फडकं घेऊन. तुम्ही भलत्याच माणसाकडे बघून परत गेलात.